ओव्याचे सहा थेंब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, पोळ्या लाटल्या आणि भिशीचा हिशेब ठेवला. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. तेव्हा चिटणीसबाई घरी येऊन "यंदा तुम्ही बोलायचे, विषय तुमचा तुम्ही निवडा" असे म्हणाल्या, तेव्हा मी आधी हात जोडले. पण त्या गेल्यावर मनाशी म्हटले, विषय शोधायला नकोच आहे. गेल्या चैत्रापासून तो माझ्या मानगुटीवर बसला आहे. इथे सांगून टाकला तर कदाचित उतरेल.

गेल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आठवण आपणां सर्वांना आहे. त्या दिवशी आंब्याची डाळ माझ्याकडे होती. चाळीस-पंचेचाळीस बायका होत्या. डाळ सर्वांना आवडली, काहींनी दोनदा मागून घेतली, आणि मी फुशारून गेले. वाढता वाढता मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, "निर्धास्त खा हो, कोथिंबीर मी ओव्याच्या तेलाच्या पाण्यात धुतली आहे. एक जंतू शिल्लक नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून एकेकीच्या घरून निरोप येऊ लागले. उलट्या, जुलाब, ताप. एकंदर अकराजणी आजारी पडल्या, त्यांत माझी धाकटी मुलगीही होती. आणि आपल्या काकू, ज्या आत्ता पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघून हसत आहेत, त्यांना दोन दिवस इस्पितळात ठेवून सलाइन लावावे लागले. वय शहात्तर. तिथल्या बाकावर त्यांच्या सुनेशेजारी मी बसले होते. ती मला एक शब्द बोलली नाही. "वहिनी, चहा घेता का?" एवढेच तिने विचारले. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

दोष डाळीचा की कोथिंबिरीचा की पन्ह्याच्या पाण्याचा, ते ठरले नाही. डॉक्टर म्हणाले, आता उरलेले काहीच तपासायला नाही, तेव्हा नेमके बोट दाखवता येणार नाही. पण मी आदल्या रात्री काय काय केले ते त्यांनी विचारले, आणि मी सांगत गेले तसतशी त्यांची मान हलत गेली. कोथिंबिरीच्या आठ जुड्या. मोठे पातेले पाण्याने भरून त्यात ओव्याच्या तेलाचे सहा थेंब टाकले, आठही जुड्या एकदम बुचकळून काढल्या, आणि ओल्याच फडक्यात गुंडाळून रात्रभर ओट्यावर ठेवल्या. बाहेर चैत्रातला उकाडा. सकाळी चिरल्या. डाळही सकाळीच वाटून ठेवली आणि हळदीकुंकू संध्याकाळी पाचला. "ओव्यावर भरवसा ठेवून तुम्ही बाकीचे सगळे सोडून दिलेत," असे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते.

आता ओव्यावर माझा एवढा भरवसा का, तेही सांगते. आमच्या सासूबाईंच्या कपाटात एक लहान काचेची बाटली असे. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तिन्ही कोरडे खडे समभाग घेऊन बाटलीत घातले की आपोआप त्यांचे पाणी होते. तिला अमृतधारा म्हणतात, आपल्यापैकी पुष्कळजणींनी ती पाहिली असेल. पोट दुखले की बत्ताशावर एक थेंब. ओव्याचे फूल म्हणजे इंग्रजीत ज्याला थायमॉल म्हणतात ते. ते जंतुनाशक आहे ही गोष्ट खरीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आकडेकृमींवर डॉक्टर लोक थायमॉलच देत असत, आणि आजही दातांच्या औषधांत व गुळण्यांच्या पाण्यात ते असते. तेव्हा माझा समज अगदीच हवेतला नव्हता. भ्रमणध्वनीवर कोणीतरी पाठवले होते की ओव्याच्या तेलाचे पाच-सहा थेंब पाण्यात टाकून भाजी धुवावी. सासूबाईंची बाटली आणि तो निरोप, दोन्ही जुळले आणि मला वाटले आपण शास्त्राप्रमाणेच चाललो आहोत.

त्या आजारपणानंतर माझी थोरली मुलगी सुट्टीत घरी आली. ती सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी. एस्सी. करते. तिच्यापुढे मी रडले. तिने माझी समजूत घातली नाही. "आई, आपण याचा नीट छडा लावू" एवढेच म्हणाली, आणि रोज जेवणे आटोपल्यावर ती मला वाचून, मराठीत सांगत गेली. त्यातले मला समजले तेवढे आपल्यापुढे ठेवते.

कच्च्या पाल्यातून रोगजंतू पोटात जाणे ही गोष्ट आपल्या गल्लीपुरती नाही. अमेरिकेत २००६ साली पिशवीतून विकल्या जाणाऱ्या कोवळ्या पालकामुळे सुमारे दोनशे माणसे आजारी पडली, तीन दगावली, कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली. जंतू ई. कोलाय जातीचा होता, आणि तो पालक कॅलिफोर्नियातला होता. पुन्हा २०१८ साली ॲरिझोनातल्या युमा भागातल्या सॅलडच्या पाल्यामुळे दोनशेंवर लोक आजारी पडले आणि पाचजण गेले. तिथे कालव्याच्या पाण्यात तोच जंतू सापडला. २०११ साली जर्मनीत तर मोड आलेल्या मेथीदाण्यांनी अनर्थ केला. जवळजवळ चार हजार माणसे आजारी आणि पन्नासांहून अधिक मृत्यू. दाणे इजिप्तमधून आलेले होते. मेथीला मोड आणायला ऊब आणि ओल लागते, आणि जंतूंनाही नेमके तेच लागते. हे ऐकले तेव्हा मला ओट्यावरचे ते ओले गाठोडे आठवले. सोयीची जागा मिळाली की हे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत किती पट होतील याचा हिशेब भिशीच्या वहीत मावणार नाही.

एवढ्या पुढारलेल्या देशात भाजी धूत नाहीत का, असे मी मुलीला विचारले. धुतात, म्हणाली, आणि तिथेच गोम आहे. कारखान्यात अनेक शेतांतला पाला एकाच हौदात पडतो. एका शेतातल्या चार पानांना जंतू चिकटले असतील तर ते पाण्यातून सगळ्या पानांवर जातात. म्हणून त्या पाण्यात क्लोरीन घालतात. पण पाल्याबरोबर माती आणि पानांचा रस पाण्यात उतरला की क्लोरीन त्यातच खर्ची पडते आणि जंतूंना पुरत नाही. शिवाय सेंद्रिय शेतीवाल्यांना क्लोरीन जपूनच वापरावे लागते. तेव्हा वनस्पतींचीच तेले त्या जागी चालतील का, हे शास्त्रज्ञ पाहू लागले.

ॲरिझोना विद्यापीठात साधना रविशंकर नावाच्या बाई आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालक व सॅलडची पाने घेतली, त्यांवर मुद्दाम साल्मोनेला नावाचे जंतू सोडले, आणि मग तेल मिसळलेल्या पाण्यात ती पाने एक किंवा दोन मिनिटे बुडवून काढली. एका प्रयोगात तेल होते गवती चहाचे. होय, आपल्या परसातल्या गवती चहाचे! दुसऱ्यात ओरेगॅनोचे, जे पिझ्झाबरोबर पुडीतून येते आणि मुले जपून ठेवतात. ओरेगॅनोच्या तेलात जे मुख्य द्रव्य असते ते आपल्या ओव्याच्या फुलाचे सख्खे भावंड आहे. कुंडीत लावतो त्या पानओव्याच्या तेलातही हीच भावंडे सापडतात. हे निबंध २०१२ आणि २०१३ सालचे. त्यांत असे दिसले की तेल जितके अधिक आणि बुडवण्याचा वेळ जितका अधिक, तितके जंतू अधिक मरतात, आणि पाने थंड जागी ठेवली असतानाही तेलाचा अंमल पुढे दोन-तीन दिवस राहतो.

जंतू मरतात कसे, तेही मजेशीर आहे. जंतूला एक पातळ आवरण असते. ही तेले त्या आवरणात शिरून ते सैल करतात आणि जंतूच्या आतले पाणी-क्षार बाहेर झिरपू लागतात. फुटक्या माठासारखे. ओवा चावल्यावर जिभेला जी झणझणी येते ना, तीच त्यांना भोवते.

हे ऐकून मी आनंदले. म्हटले, म्हणजे माझे बरोबरच होते की! तेव्हा मुलीने पाटी-पेन्सिल द्यावी तसा कागद माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "त्यांनी तेल किती घेतले ते सांगते. हिशेब तू कर."

त्यांची प्रमाणे होती शेकडा एक दशांश, तीन दशांश आणि अर्धा. त्रैराशिक मला सातवीपर्यंत चांगले येत असे. शंभर भागांत अर्धा भाग, तर हजार मिलिलिटरच्या एका लिटरात पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. माझे पातेले सहा लिटरांचे. म्हणजे तीस मिलिलिटर. थेंब टाकायच्या नळीने मोजले तर साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे सहाशे थेंब! सगळ्यांत कमी प्रमाण धरले, शेकडा एक दशांश, तरी एकशेवीस. आणि मी टाकले होते सहा.

भगिनींनो, मी तो कागद जपून ठेवला आहे. सहाशेच्या ठिकाणी सहा. भिशीच्या वहीत एक रुपया चुकला तर मला झोप लागत नाही, आणि इथे मी शंभर पटींनी चुकले होते आणि भर सभेत छातीवर हात ठेवून "एक जंतू शिल्लक नाही" असे म्हणाले होते.

मग सहाशे घालावे का? माझा स्वभाव आपणांस ठाऊक आहे, करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक लिटर पाण्यात चमचाभर ओव्याचे तेल घातले आणि एक जुडी बुडवली. इथे टेबलावर मी काचेचा पेला आणि ती बाटली आणली आहे. बघा, हे पाणी, हा थेंब. दिसतो ना वर तरंगताना? कितीही ढवळा, क्षणभर मोडतो आणि पुन्हा वर येतो. म्हणजे पातेल्यात वरच्या पानांना तेलच तेल आणि खालच्यांना नुसते पाणी. प्रयोगशाळेत ते मिसळून धरण्याच्या युक्त्या असतात, आपल्याकडे पळी असते. माझ्या जुडीची वरची पाने तासाभरात काळवंडून मऊ पडली. बोटांची दोन दिवस आग होत होती. आणि तिची चटणी केली तर आमच्या घरून विचारणा झाली, "खोकल्याचे औषध पानात का वाढले आहे?" ती चटणी कोणी खाल्ली नाही.

ही बाटली मात्र पोरांच्या हाती लागू देऊ नका. निव्वळ तेल कातडीला भाजते. पोटात घेणे तर दूरच. ओवा खाणे वेगळे आणि शंभर मुठी ओव्याचा अर्क एका बाटलीत उतरवलेला असतो तो वेगळा. सासूबाई एकच थेंब देत, तोही बत्ताशावर, आणि बाटली कुलपात ठेवत. मी कुलपाची गोष्ट विसरले होते.

तेव्हा तेलाची जागा कुठे? तिकडच्या लोकांनाही वासाची आणि चवीची हीच अडचण आहे. त्यावर त्यांनी काढलेली एक तोड मला फार आवडली. सफरचंद, गाजर आणि जास्वंद यांची पातळ, खाता येईल अशी पापुद्री करायची. आपल्या आंबापोळीसारखी. तिच्यात ओरेगॅनोतले किंवा दालचिनीतले ते द्रव्य मिसळायचे, आणि पापुद्रीचे तुकडे पाल्याच्या बंद पिशवीत टाकायचे. वाफ पिशवीत भरून राहते आणि पानांवरच्या साल्मोनेलाला गाठते. २०१४ साली याचा निबंध प्रसिद्ध झाला. उद्या अशा पिशव्या आपल्याकडे आल्या तर मी पहिली जाऊन घेईन. पण तोलून-मापून, मिसळून, बंद पिशवीत करायचे ते काम आहे. सहा लिटरच्या पातेल्यात अंदाजाने करायचे नव्हे.

आणि एक गोष्ट मुलीने मला पुन्हा पुन्हा बजावली. कितीही चांगले औषध असले तरी पानाच्या सुरकुतीत, कापलेल्या देठात, पानाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसलेल्या जंतूंपर्यंत ते पुरते पोचत नाही. काही जंतू तर स्वतःभोवती चिकट थर करून बसतात. धुण्याने ते कमी होतात, संपत नाहीत. संपवायचे तर चुलीवर चढवावे लागते. म्हणून घरात कोणी पोटुशी असेल, तान्हे असेल, म्हातारे माणूस असेल, तर त्यांना भाजी शिजवलेली द्यावी. काकूंना त्या दिवशी कच्ची कोथिंबीर घातलेली डाळ दुसऱ्यांदा वाढणारी मीच होते.

मग मी आता काय करते, असे परवा आपल्या शेजारच्या वहिनींनी विचारले. काही विशेष नाही हो. आधी हात साबणाने धुते. हे सांगायला लाज वाटते, पण पूर्वी बाजारातून आल्यावर नोटा मोजलेल्या हातांनीच मी जुडी सोडत असे. मुळे आणि सडकी पाने आधीच काढून टाकते, कारण एका सडक्या काडीने सगळी जुडी नासते. मग एकदम पातेल्यात न बुचकळता थोडी थोडी नळाच्या धारेखाली धरते. साचलेल्या पाण्यात एकीचे दुसरीला लागते, तेच वाहत्या पाण्यात निघून जाते. पाणी कमी असेल त्या दिवशी तीन वेळा पाणी बदलते आणि ते कुंड्यांना घालते. नंतर झटकून पंख्याखाली पंचावर पसरते. वाळली की डब्यात, डबा शीतकपाटात. ओली कधीच बांधून ठेवत नाही. चिरायची ती अगदी वाढायच्या वेळी. चिरलेले, वाटलेले काही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचे नाही, आणि चैत्र-वैशाखात तर एकच तास. मासळीची विळी निराळी, कोशिंबिरीची निराळी.

साबणाच्या पाण्यात भाजी धुणाऱ्या अजून आपल्यात आहेत हे मला ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती साथच आली होती, मीही वांगी साबणाने घासली आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी सांगितले होते की भाजीला साबण लावू नका. साबण पानांत मुरतो आणि पोटात जातो.

आणखी एक. आमची भाजीवाली मावशी कुठल्या पाण्यावर पालक करते ते मी कधी विचारले नव्हते. परवा विचारले. ती रागावली नाही, उलट म्हणाली, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणी पुसलं, ताई. हिरीचं पाणी हाय." पण तिच्या शेजारच्या गाळ्यावरचा पाला ओढ्याकाठचा आहे, आणि गावाचे सांडपाणी त्याच ओढ्याला मिळते, हेही तिने हळूच सांगितले. युमाच्या कालव्याची गोष्ट मला तिथे आठवली. ओढ्याकाठच्या त्या बागवानाचा एकट्याचा हा दोष नाही, त्याला दुसरे पाणी नाही. पण नगरपालिकेकडे सांडपाण्याबद्दल अर्ज करायचा झाला तर आपल्या मंडळाने तो करावा असे मला वाटते. मसुदा मुलगी लिहून देईल, सह्या मी गोळा करीन.

ओवा मी सोडलेला नाही. भज्यांत घालते, पुरीत घालते, पोट दुखले की चिमूटभर मिठाबरोबर चावते. फक्त त्याच्याकडून त्याच्या ताकदीबाहेरचे काम मागत नाही.

आता शेवटचे. गेल्या आठवड्यात काकूंनी मला बोलावून घेतले. मला वाटले, काही बोलणार. तर म्हणाल्या, "यंदा चैत्रगौरीला डाळ तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हातची मला आवडत नाही. माझ्यापुरती कोथिंबीर फोडणीत टाक म्हणजे झाले." मी हो म्हटले आहे. डाळ त्याच दिवशी दुपारी तीन वाजता वाटायची, कैरी चारला किसायची आणि कोथिंबीर पावणेपाचला चिरायची असे ठरवले आहे. पंचेचाळीसजणींची कोथिंबीर पंधरा मिनिटांत एकटीने चिरून होणार नाही. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी साडेचारला हात धुऊन यावे, आणि येताना आपापली विळी आणावी. मासळीची नको.